जमिनीवर काढलेली सायकल

मला धक्का लवकर बसतो. दूध उतू गेलं, भांडं पडलं, की माझा हात आधी छातीवर जातो आणि मग मी बघते की झालंय काय. माहेरी मला यावरून चिडवायचे, सासरी आल्यावर तिथेही चिडवू लागले. पण सोलापुरातल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात, सन तीसनंतरच्या एका उन्हाळ्यात, मला एकामागून एक जे धक्के बसले त्यात माझ्या स्वभावाचा काही दोष नव्हता. ते कुणालाही बसले असते.

पहिला धक्का खाटेचा. ती खाट माझ्या वडिलांनी लग्नात आंदण दिलेली. करमाळ्याहून बैलगाडीतून स्टेशनपर्यंत आणि तिथून रेल्वेने आलेली, चांगल्या नळ्यांची लोखंडी खाट. आमच्याकडे सगळे जमिनीवर झोपणारे, त्यामुळे त्या खाटेवर माणसं कधी झोपलीच नाहीत, अंथरुणांच्या वळकट्याच झोपायच्या. पण आल्यागेल्याला ती दिसायची आणि मला तेवढं पुरे होतं. महिनाभर माहेरी राहून मी परत आले, ट्रंक उंबऱ्याशी ठेवून आतल्या खोलीत गेले, तर खाट खाली बसलेली. चारही पाय नाहीत, उशाच्या नि पायथ्याच्या नळ्या नाहीत. नुसती पट्ट्यांची चौकट जमिनीवर पसरलेली आणि तिच्यावर वळकट्या निवांत. 

यजमान कोपऱ्यात बसून कानशीने एका नळीचं तोंड घासत होते.

"अहो, खाट कापलीत?" मी विचारलं.

"कापली नाही, वापरात आणली," ते मान वर न करता म्हणाले. "सायकल करतोय. सांगाडा घरीच करायचा. बाकीचं सगळं मिळालंय."

बाकीचं म्हणजे मंगळवारच्या बाजारातून आणलेली एक मोडकी सायकल. टांग्याखाली सापडून तिचा सांगाडा चेपला होता, पण चाकं, हँडल, साखळी, पुढच्या चाकाचा चिमटा, पायडलं आणि मागचं कॅरिअर शाबूत होतं. तो सगळा पसारा माझ्या तांदळाच्या डब्याशेजारी मांडलेला होता. मी त्या दिवशी त्यांच्याशी एक अक्षर बोलले नाही. जेवायला वाढलं ते सुद्धा ताट आपटून.

पण राग फार दिवस धरता आला नाही, कारण सायकल कशासाठी हवी होती ते मला माहीत होतं. यजमानांचा डावा पाय जन्मापासून आखूड, उजव्यापेक्षा चार बोटं कमी. एका गिरणीत ते कारकून होते. कचेरी आमच्या पेठेजवळ होती तोवर लंगडत का होईना, वेळेवर पोचायचे. मग ती कचेरी उचलून स्टेशनच्या पलीकडे, कापसाच्या गोदामाशेजारी नेली. त्यातच नवे साहेब आले आणि त्यांनी हुकूम काढला की तिसरा, म्हणजे शेवटचा भोंगा झाला की फाटक बंद. कामगार असो की कारकून, जो बाहेर राहिला तो बाहेर. असं वरचेवर झालं तर कायमचा बाहेर. यजमान वेळ गाठण्यासाठी धावतपळत जाऊ लागले आणि कमरेत कळा येऊ लागल्या. डॉक्टरांनी कमरेचं हाड दाबून पाहिलं आणि सरळ सांगितलं, इतकं चालणं चालू ठेवलंत तर थोड्याच वर्षांत अंथरूण धराल. म्हणजे चाललं तर पाय जाणार, नाही चाललं तर नोकरी जाणार. रोजचा टांगा कारकुनाला परवडत नाही.

दुकानातली सायकल त्यांना चालत नव्हती. एका मित्राची घेऊन पाहिली होती. मधल्या आडव्या दांडीवरून त्यांना पाय टाकता येईना, आणि कसंबसं चढले तर डावा पाय पायडलाला पोचेना. कुणीतरी पायडलावर लाकडी ठोकळा बांधून दिला. तो फिरला, पाय निसटला आणि हे भर रस्त्यात घोड्याच्या तोंडासमोर पडले. तेव्हापासून त्यांच्या डोक्यात एकच.

"बाजारातला सदरा अंगाला बसत नसेल तर आपण शिंप्याकडे जातो ना?" ते मला म्हणाले. "मग सायकल का नाही मापाने करायची? मधली दांडी ठेवायचीच नाही. सीट खाली घ्यायची आणि पायडल इतकं जवळ घ्यायचं की माझा हा पाय पोचलाच पाहिजे."

"आणि नाही जमलं तर?"

"तर दुसरी खाट नाही," ते म्हणाले आणि हसले. मला काही हसू आलं नाही.

माप चुकायला नको म्हणून त्यांनी आतल्या खोलीच्या सारवलेल्या जमिनीवर सायकल जेवढ्यास तेवढी काढायला घेतली. सुतार मारतात तसं गेरूत बुडवलेलं सूत ताणून एकेक रेघ मारली. लाल रेघांची सायकल अर्धी खोली व्यापून बसली. आम्ही दोघी सासवासुना भिंतीला घासून जाऊ लागलो. मग एका संध्याकाळी त्यांनी मला चुन्याची वाटी घेऊन बोलावलं, आणि स्वतः त्या चित्रावर कुशीवर आडवे झाले, सीटवर बसल्यासारखे.

"माझ्या कडेकडेने रेघ ओढ," म्हणाले. "पाठ, मांडी, गुडघा. टाच नीट काढ. तीच महत्त्वाची."

मी त्यांच्याभोवती चुन्याचं बोट फिरवत गेले. त्यांचा तो पाय मी इतक्या नीट तेव्हाच पाहिला. एरवी ते धोतर खाली सोडून तो झाकून ठेवत. टाचेशी आले तेव्हा ते डोळे मिटून पडले होते. उठल्यावर त्यांनी चुन्याच्या टाचेखाली गेरूचा एक ठिपका दिला. पायडल अगदी खाली येतं ती जागा ती. त्या ठिपक्यावरून त्यांनी वर सीटपर्यंतच्या नळीची रेघ मारली आणि हात झटकले.

तेवढ्यात सासूबाई देवळातून आल्या. दारातच त्यांच्या हातातली परडी पडली.

सासूबाई वैरागच्या. बोलणं तिकडचं, आवाज मोठा. पण त्या क्षणी त्यांनी नुसतं जमिनीकडे बोट केलं. मला आधी कळेना काय झालं. मग मी त्यांच्या नजरेने पाहिलं. जमिनीवर पांढरा माणूस पडलेला होता. हुबेहूब त्यांचा मुलगा. आणि त्याचे पाय दक्षिणेला.

"जित्या माणसाला असं भुईवर काडतंय का कोण?" त्या ओरडल्या. "दक्षिणेला पाय करून? तुला काय म्हनायचं काय, लेकरा? आन तू ग, तू कशी काय हात लावलास?"

"आई, खोलीत तेवढीच जागा होती," यजमान म्हणाले. "नळ्या कापून होईस्तोवर याला कुणी हात लावायचा नाही. एवढं झालं की पुसून टाक."

त्या रात्री सासूबाई जेवल्या नाहीत. मला वाटलं, विषय मिटला.

दुसऱ्या दिवशी यजमान कामावर गेले, मी नळावर धुणं घेऊन गेले. परत आले तर घरात शेणाचा ओला वास आणि सासूबाई कमरेला पदर खोचून हात धूत होत्या. आतली जमीन लखलखीत सारवलेली. पांढरा माणूस गेला होता. माझ्या हातातली धुण्याची बादली खाली बसली ती धप्पकन.

"आत्याबाई! हे काय केलंत? ते आले म्हणजे..."

"मानूस पुसला," त्या म्हणाल्या. "सायकल हाय तितंच हाय. बघ की डोळं उघडून."

आणि खरंच होती. त्यांनी सारवण्याआधी सायकलीच्या प्रत्येक कोपऱ्यावर एकेक चिंचोका जमिनीत दाबून बसवला होता, त्याच्याभोवतीने सारवलं होतं, आणि जमीन वाळायच्या आत चिंचोक्यापासून चिंचोक्यापर्यंत गेरूची रेघ ओढली होती. ठिपक्यांची रांगोळी काढतात तशी. त्यांचा रांगोळीचा हात अख्ख्या पेठेत वाखाणला जायचा. रेघा पहिल्यापेक्षाही ठसठशीत होत्या. मी तोंडाचा आ करून बघत राहिले. मला तर काही फरक दिसला नाही.

संध्याकाळी यजमान आधी संतापले, मग उकिडवे बसून एकेक रेघ निरखत राहिले. सगळ्या सरळ, सगळे कोपरे जुळलेले. "माणूस नसला तरी चालेल," शेवटी म्हणाले, "त्याचं माप रेघेत आलेलंच आहे." आणि त्या रेघांवर नळ्या ठेवून त्यांनी कापायला सुरुवात केली. पुढचे कितीतरी दिवस घरात करवतीची करकर आणि बाहेर शेजारच्या हातमागांची खटखट, एवढंच ऐकू यायचं. मोडक्या सायकलीतून हँडलचा आखूड नळा आणि पायडलांचा नळा त्यांनी सोडवून घेतला, त्यांना खाटेच्या नळ्या जोडायच्या होत्या.

जोडणार कशाने, ते मला ठाऊक नव्हतं. रविवारी फुटकी भांडी झाळून सांधणारे चाचा आपला भाता घेऊन आमच्या अंगणात आले. त्यांच्याकडून कळलं की लोखंडाच्या नळ्या जोडायला सांध्यावर टाकणखार टाकतात, नळ्या लालभडक करतात आणि मधे पितळ वितळवून सोडतात. टाकणखार घरात होताच, शेजारच्या पोरांचं तोंड आल्यावर लावायला सासूबाई ठेवत. पितळही घरातच सापडलं होतं. चाचांच्या पुढ्यात एका कागदावर पिवळाधमक कीस होता आणि त्याशेजारी एक अर्धवट घासलेला तुकडा. मी तो उचलला. त्यावर माझ्या नावाचं पहिलं अक्षर होतं.

माझं फुलपात्र! रुखवतातलं, माहेरी नाव घालून दिलेलं. मी हबकले. रडूच आलं मला.

"अहो, पितळ काय बाजारात मिळत नाही?"

"चाचा म्हणाले, जुनं जाड पितळ चांगलं धरतं," यजमान म्हणाले. मग माझ्याकडे पाहून आवाज उतरवून म्हणाले, "नोकरी टिकली की दुसरं घेऊ. त्यावरही नाव घालू."

मी आत जाऊन बसणार होते, पण राहवलं नाही. भाता सुरू झाला. सांधा आधी काळा, मग लाल, मग केशरी झाला आणि पितळ त्या फटीत पाण्यासारखं धावलं. माझं नाव त्या सायकलीत कुठल्या सांध्यात गेलं ते कधीच कळणार नव्हतं. संध्याकाळपर्यंत सांगाडा भिंतीला टेकून उभा होता. माझ्या खाटेचा काळा रंग, मधे मधे पितळेच्या पिवळ्या रेघा. खोटं कशाला बोलू, सुरेख दिसत होता.

चाकं, साखळी, सीट, सगळं बसल्यावर सासूबाईंनी हँडलला कुंकू लावलं, नारळ फोडला. शेजारपाजारची माणसं अंगणात जमली. मधली दांडी नाही म्हणून दोघे-तिघे तोंड दाबून हसले. "बायकी सायकल झाली की ही," एकजण म्हणाला. यजमानांनी लक्ष दिलं नाही. ते किती सहज बसले! पाय उचलून वरून टाकायला नको, काही नको. चाचांनी मागून धरलं होतं. यजमानांनी उजवं पायडल दाबलं, चाक फिरलं, डावं पायडल खाली गेलं.

आणि त्यांचा डावा पाय हवेत राहिला.

ते पुन्हा दाबून पाहत होते. पायडल खाली जायचं आणि त्यांचा अंगठा त्याच्यावर अधांतरी, पायडल शोधत असल्यासारखा. चार बोटं. कमी नाही, जास्त नाही. मघाशी हसणारेही आता हसले नाहीत. मी यजमानांच्या तोंडाकडे पाहिलं. इतकं पांढरं तोंड मी आयुष्यात दुसरं पाहिलं नाही.

माणसं पांगल्यावर त्यांनी सायकल आत आणून जमिनीवर आडवी केली आणि स्वतः तिच्याशेजारी कुशीवर पडले. "बघ," मला म्हणाले, "टाच कुठं येते बघ." मी बघितलं. टाचेच्या आणि पायडलाच्या मधे माझी चार बोटं मावली.

"रेघ मी स्वतः मारली होती," ते म्हणाले. "ठिपका मी स्वतः दिला होता. असं कसं झालं?"

सीट आणखी खाली येत नव्हती, ती नळीवरच बसवलेली होती. ठोकळा लावावा तर पायडल आधीच इतकं खाली आलेलं की वळताना ठोकळा जमिनीला घासणार. चाचा तेवढे दारात थांबले होते, मी त्यांच्याकडे वळले. सांधा सोडवून पुन्हा जोडता येणार नाही का?

"नक्को भाभी," चाचा म्हणाले. "पाइप पतला हैच. फिरके तपाये तो जल जाता." त्यांनी सांध्यावरून एकदा हात फिरवला आणि भाता खांद्यावर घेऊन गेले.

खाट नव्हती. नळ्या नव्हत्या. उद्या सकाळी पुन्हा त्या पायाने स्टेशनच्या पलीकडे चालत जायचं होतं. आदल्याच आठवड्यात ते एकदा फाटकाबाहेर राहिले होते. मला आमचं सगळं पुढचं आयुष्य त्या चार बोटांमधून खाली पडताना दिसलं.

तेव्हा चुलीशी बसलेल्या सासूबाई बोलल्या. "त्यो चिंचोका म्या सरकवला."

आम्हाला काही कळेना.

"मानूस पुसला, तवा पायाचा ठिपका कुटं द्यावा म्हनून बसले. पुन्यांदा तोकडा काडायचा? माझा हातच चालंना. चित्रात तरी माझ्या लेकराचा पाय पुरा असू दे, म्हनलं. म्या काय सायकलीवर बसलेय व्हय कदी? मला काय ठावं, तुमी लोकंड बी तितंच कापनार म्हनून?"

माझा हात छातीवर गेला तो तिथेच राहिला. मला वाटलं, आता हे काहीतरी भयंकर बोलणार. इतक्या दिवसांची मेहनत, नोकरी, सगळं त्या एका चिंचोक्याने घालवलं होतं. पण ते तसेच जमिनीवर पडून राहिले, आढ्याकडे बघत.

"आई," ते म्हणाले, "तुला माझा पाय केवढा दिसतो गं?"

"दुसऱ्याएवडाच," सासूबाई म्हणाल्या. "पहिल्यापास्नं."

यजमानांच्या डोळ्यांतून पाणी कानशिलाकडे ओघळलं. त्यांनी ते पुसलं नाही. मीही तोंड फिरवून रडून घेतलं.

सासूबाई मात्र रडल्या नाहीत. त्या उठून सायकलीपाशी आल्या, तिच्याकडे पाहत उभ्या राहिल्या, मग माझ्याकडे पाहिलं. पायांपासून वर पाहिलं.

"हिचं पाय पोचत्याल की," त्या म्हणाल्या.

"कुणाचे?"

"तुजं. मदी दांडी न्हाय, लुगड्याला आडकायचं काय न्हाय. काष्टा आवळायचा आन बसायचं. खाट तुझी, पितळ तुझं. मग तूच बस की. त्याला मागं बशीव."

आजवरचे सगळे धक्के एकीकडे आणि हा एकीकडे. बोलणारी बाई कोण? माझा पदर डोक्यावरून घसरला तर डोळे वटारणारी. नळावर मोठ्याने हसले म्हणून दोन दिवस अबोला धरणारी. सोलापुरात तेव्हा मी एकही बाई सायकलवर पाहिली नव्हती. मडमा चालवतात असं ऐकलं होतं, तेवढंच.

"आत्याबाई, लोक काय म्हणतील?"

"लोकं काय भोंगा थांबीवनार हायत व्हय?" त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून पहाटे उजाडायच्या आत आम्ही दोघी तळ्याकाठच्या मोकळ्या जागेत जाऊ लागलो. मी सीटवर, सासूबाई मागून कॅरिअर धरून पळतायत. पदर खोचलेला, तोंडाचा पट्टा चालू. "म्होरं बघ! खाली काय सोनं सांडलंय?" मी पडत होते, उठत होते. गुडघे फुटले, कोपर सोललं. एकदा मी बाभळीत गेले. काटे काढताना त्या म्हणाल्या, "लई भारी चालिवतीस, निस्तं वळायचं शिक." आणि एका पहाटे बराच वेळ मागून आवाज येईना म्हणून मी वळून पाहिलं, तर त्या खूप लांब, कमरेवर हात ठेवून उभ्या. मला कुणीही धरलेलं नव्हतं. त्या धक्क्याने मी पुन्हा पडले.

यजमान यात नव्हते. ते रोज चालत जात होते आणि रात्री मी त्यांची कंबर शेकत होते. त्यांना वाटत होतं, आमचा पोरखेळ आपोआप थांबेल. मग एका सकाळी त्यांना पायऱ्या उतरता येईनात. भिंत धरून ते उभे होते आणि दुसरा भोंगा होऊन गेला होता. चालत जाऊन तिसरा गाठणं शक्यच नव्हतं. मी सायकल दारात आणली.

"मी बायकोच्या मागे बसून गिरणीत जाऊ?" ते म्हणाले. "फाटकावर सगळे असतात. त्यापेक्षा नोकरी गेलेली बरी."

सासूबाई आतून आल्या. मला वाटलं, ओरडतील. त्या अगदी हळू बोलल्या. "शाळंत कसा गेला हुतास? माझ्या कडंवर बसून गेला हुतास. चांगला मोटा घोडा झाला हुतास तवा बी. तवा लोकं हसत न्हवती व्हय? आता माझी कंबर गेली, बाबा. आता ही नील."

 त्यांनी भिंत सोडली, टोपी नीट केली आणि ते येऊन कॅरिअरवर बसले.

सायकल एकदा जोरात डुलली. मग चालली. गल्लीच्या तोंडाशी आलो तशी विणकरांच्या घरांतल्या मागांची खटखट एकेक करून थांबत गेली. दारादारांत माणसं उभी राहिली. कुणीतरी तेलुगूत मोठ्याने काहीतरी म्हणालं आणि हशा पिकला. पोरं मागून धावू लागली. एक टांगेवाला घोडा थांबवून, उभा राहून बघू लागला. माझं तोंड शरमेने पेटलं होतं, आणि हात छातीवर नेण्याची सोयही नव्हती, कारण दोन्ही हात हँडलवर होते. चढावर दम लागला. मागून यजमानांचा आवाज आला, "उतरू का?" मी म्हटलं, "बसा गप." असं मी त्यांना त्याआधी कधी बोलले नव्हते.

फाटकासमोर शेकडो माणसं आत जात होती. ती सगळी थांबली. शिट्ट्या झाल्या, कुणी टाळ्या पिटल्या. पहारेकरी हातातली काठी विसरून आमच्याकडे बघत राहिला. मी पाय टेकले. यजमान उतरले, तोल सावरायला त्यांनी क्षणभर माझा खांदा धरला. सगळ्यांदेखत. मला वाटलं, आता मान खाली घालून आत जातील. ते तिथेच उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "संध्याकाळी भोंग्याला ये."

ते लंगडत फाटकातून आत गेले. मग शेवटचा भोंगा झाला. फाटक त्यांच्या मागे बंद झालं, पुढे नाही. तो भोंगा ऐकून मी पहिल्यांदाच दचकले नाही.

परत येताना मला रडू फुटलं. इतकी माणसं हसली होती, त्या हसण्याचा धक्का आता बसत होता. घरी आले तर सासूबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी मी गेल्यापासून जागा सोडली नव्हती. चूलही पेटवली नव्हती.

"आत्याबाई, सगळे हसले हो," मी म्हटलं. "सगळी गिरणी हसली."

त्यांनी माझ्या हातातली सायकल घेतली आणि भिंतीला टेकवली.

"हसू दे की," त्या म्हणाल्या. "भोंग्याच्या आदी पोचला न्हवं?"